‘द थिंग’ घरी पुन्हा पाहताना: चौकट, अंधार आणि किल्ल्या

गेल्या श्रावणात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना एक कॅसेट हाती लागली. तिच्या कण्यावर निळ्या शाईत ‘थिंग – इंग्लिश – भीतीचा’ असे माझ्याच शाळकरी अक्षरात लिहिलेले होते आणि झाकणाच्या पारदर्शक खिडकीतून दिसणाऱ्या फितीवर पिठासारखी पांढरी बुरशी चढली होती. जॉन कार्पेंटर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. कोल्हापुरात आम्ही तो पुढे कधीतरी, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, प्रतीच्या प्रतीची प्रत असलेल्या या कॅसेटवर पाहिला आणि नंतर इतक्या वेळा पाहिला की तो आपल्याला पाठ आहे, असा माझा समज झाला. काही वर्षांपूर्वी त्याची चांगली डिस्क मिळाली तेव्हा कळले की मी इतकी वर्षे निम्म्याहून थोडाच अधिक चित्रपट पाहत होतो. हे अलंकारिक बोलणे नाही. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

ज्यांनी हा चित्रपट अशाच एखाद्या कॅसेटवर पाहिला आहे आणि आता तो घरच्या टीव्हीवर नीट पाहण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. कथेतील सर्व रहस्ये येथे उघड केलेली आहेत, त्यामुळे ज्यांनी तो एकदाही पाहिलेला नाही त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग येथे परत यावे.

माळ्यावरच्या कॅसेटचे काय करावे

पहिला मोह ती कॅसेट लावून पाहण्याचा होतो आणि तोच टाळायचा असतो. कोल्हापूरची हवा जून ते सप्टेंबर इतकी दमट असते की बंद डब्यातील चुंबकीय फितीवर बुरशी धरण्यास दोन-तीन पावसाळे पुरेसे होतात. कॅसेट उजेडात तिरकी धरून दोन्ही गुंडाळ्यांच्या कडा पाहाव्यात. कडा काळ्याभोर आणि तुकतुकीत असतील तर फीत ठीक आहे. कडांवर पांढरे ठिपके, जाळी किंवा भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. मी घातली होती, आणि तीही स्वतःच्या नव्हे तर मित्राच्या व्हीसीआरमध्ये. दहा मिनिटांत चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या, यंत्राच्या फिरत्या ढोलावरची हेडे बुरशीने आणि फितीच्या भुकटीने भरून गेली आणि त्यानंतर त्याच यंत्रात लावलेल्या त्याच्या लग्नाच्या कॅसेटलाही तीच बुरशी लागली. त्याची पत्नी अजूनही हा विषय निघाला की चहात साखर घालायला विसरते.

बुरशी आलेली कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून इतर कॅसेटांपासून वेगळी ठेवावी आणि हाताळताना नाकातोंडावर मास्क लावावा. तिच्यावर घरचे चित्रण असेल, म्हणजे मुंज, लग्न, आजोबांची पंचाहत्तरी, तर ती फीत स्वच्छ करून डिजिटल प्रत काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले आणि ज्यांच्या कॅसेट भिजल्या, त्यांनी तर घरगुती उपाय मुळीच करू नयेत. परंतु कॅसेटवर विकतचा किंवा भाड्याचा चित्रपट असेल तर खर्च करण्यात अर्थ नाही, कारण त्याहून कितीतरी चांगली प्रत आज उपलब्ध आहे. मी माझ्या कॅसेटचा फक्त डबा ठेवला आहे.

चौकटीचा हिशेब

हा चित्रपट अ‍ॅनामॉर्फिक पॅनाव्हिजन पद्धतीने चित्रित झाला आहे, म्हणजे त्याच्या चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट आहे. जुन्या टीव्हीचा पडदा १.३३ पट रुंद असे. तो पडदा पूर्ण भरावा म्हणून कॅसेट काढणारे चित्राच्या दोन्ही बाजू कापून मधला भाग ठेवत, किंवा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चौकट सरकवत नेत. १.३३ ला २.३५ ने भागले तर ०.५७ येते, याचा अर्थ दर क्षणी चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग आपल्यापुढे येतच नव्हता.

एरवी हे नुकसान सोसता आले असते, कारण अनेक चित्रपटांत कडेला झाडे आणि भिंतीच असतात. येथे मात्र कडेला माणसे आहेत. अंटार्क्टिकावरील एका संशोधन तळावर बारा पुरुष अडकले आहेत. बर्फाखालून निघालेला परग्रहावरील जीव त्यांपैकी कोणाचेही हुबेहूब रूप घेऊ शकतो. आणि कोण खरा, कोण नकली हे कोणालाच माहीत नाही. कार्पेंटर आणि छायाचित्रकार डीन कंडी यांनी ही बारा माणसे रुंद चौकटीत अशी पसरून उभी केली आहेत की एक बोलत असताना दुसरा ऐकत असतो, तिसरा दाराकडे पाहत असतो आणि चौथा गप्प असतो. संशय त्या चौथ्याचा यायचा असतो, आणि कॅसेटमध्ये नेमका तोच कापला गेलेला असे. रक्ताच्या चाचणीच्या प्रसंगात तिघे जण एकाच कोचावर शेजारीशेजारी बांधलेले आहेत. माझ्या कॅसेटवर एका वेळी त्यांपैकी दोघेच दिसत आणि तिसऱ्याचा फक्त आवाज येई. तो तिसरा कोण हे मला कितीतरी वर्षे चेहऱ्यावरून नव्हे, ओरडण्यावरून माहीत होते.

म्हणून प्रत निवडताना पहिली अट ही की चित्र मूळ रुंदीत असावे. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते. तेवढ्या रुंदीत या चित्राची उंची सुमारे ५२ सेंटिमीटर भरते आणि वर-खाली प्रत्येकी आठेक सेंटिमीटरचे काळे पट्टे राहतात. घरातील ज्येष्ठ मंडळींपैकी कोणीतरी ‘पडदा पूर्ण का भरत नाही, ते झूम कर की’ असे हमखास म्हणते. झूम करू नये. ते पट्टे म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे; कॅसेटने कापलेली माणसे परत आणण्याची ती किंमत आहे.

कोणती प्रत घ्यावी

डीव्हीडी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि त्याविषयी दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोणती डिस्क कोठे चालावी यासाठी जगाचे प्रदेश पाडलेले आहेत आणि भारत डीव्हीडीच्या पाचव्या प्रदेशात येतो, त्यामुळे बाहेरून मागवलेली डिस्क लावण्यासाठी सर्व प्रदेश स्वीकारणारा प्लेअर हवा. दुसरी गोष्ट अशी की पाल या टीव्ही-प्रसारणाच्या पद्धतीसाठी काढलेल्या डिस्कवर सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट २५ चित्रांनी पळवलेला असतो, त्यामुळे १०९ मिनिटांचा चित्रपट सुमारे १०५ मिनिटांत संपतो. चार मिनिटे वाचतात खरी, पण एन्निओ मोरिकोने यांच्या संगीताची संथ, नाडीसारखी चाल थोडी घाईची आणि किंचित वरच्या पट्टीची होते. हे संगीत इतके मोजक्या स्वरांचे आहे की कानाला फरक जाणवतो.

ब्लू-रे शक्य असेल तर तोच घ्यावा. त्यासाठी भारत सी प्रदेशात मोडतो. अ‍ॅरो या ब्रिटिश प्रकाशनाने २०१७ मध्ये काढलेली ब्लू-रे कार्पेंटर आणि कंडी या दोघांच्या देखरेखीखाली झालेल्या फोर-के (अतिशय बारकाव्याच्या) संस्करणावर आधारलेली आहे, मात्र ती बी प्रदेशाची असल्याने प्लेअर तपासूनच मागवावी. युनिव्हर्सलने २०२१ मध्ये काढलेल्या फोर-के डिस्कला प्रदेशाचे बंधन नाही, कारण त्या प्रकारच्या डिस्कांना ते नसतेच. परंतु येथे एक सावधगिरीची सूचना आहे: फोर-के डिस्कवरील एचडीआर (उजेड-अंधारातील फरक वाढवून दाखवणारे) चित्र कमी उजेडाच्या, स्वस्त टीव्हीवर अनेकदा इतके अंधारे दिसते की तळाच्या बाहेरची रात्र म्हणजे नुसता काळा चौकोन होतो. टीव्ही बेताचा असेल तर साधी ब्लू-रेच अधिक समाधान देते, आणि हे मी पैसे घालवून शिकलो आहे.

ऑनलाइन पाहण्यास हरकत नाही, मात्र या चित्रपटातील निम्मा अवकाश अंधार, धूर आणि बर्फाच्या वादळाने भरलेला आहे, आणि आकुंचित केलेल्या प्रवाहात नेमक्या याच तीन गोष्टी चौकोनी ठिगळांसारख्या फुटतात. काही काळ दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी केलेली, रक्तपात कापलेली आणि वर निवेदन जोडलेली एक आवृत्तीही फिरत होती. ती पाहण्यात काही अर्थ नाही.

टीव्हीची आणि खोलीची तयारी

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हा प्रकार निवडावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करावी. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण नावात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो. ही सोय दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रे घालते, त्यामुळे क्रिकेटचा सामना छान दिसतो आणि जुना चित्रपट मालिकेसारखा. या चित्रपटात त्याचे दुप्पट नुकसान होते, कारण यातील सर्व राक्षस रबर, फेसाळ लॅटेक्स आणि तारांचे आहेत आणि सेकंदाला २४ चित्रांत येणारी स्वाभाविक धूसरता त्यांचे सांधे लपवते. ती धूसरता काढली की रबर रबरच दिसू लागते. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद ठेवावे, कारण ते चित्रातील फिल्मचे कण पुसून माणसांच्या कातडीला मेणाचा मुलामा देते. आणि कोणाची कातडी खरी याचीच चिंता असलेल्या चित्रपटात हा मुलामा फारच महागात पडतो.

उजेड जुळवण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज नाही. कुत्र्यांच्या कोंडवाड्याचा प्रसंग लावावा, दिवा विझवला जातो तेथे थांबवावे आणि वर-खालच्या पट्ट्यांचा काळा रंग काळाच राहील, तरी जाळीच्या तारा ओळखू येतील, इतपत ब्राइटनेस वाढवावा. खोलीतील ट्यूबलाइट मात्र बंदच हवी. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असेल तर डोळ्यांना त्रास होत नाही.

ऋतूही निवडावा. आषाढ-श्रावणात आमच्या पेठेतल्या पत्र्यांवर पाऊस असा कोसळतो की मोरिकोने यांचे संगीत आणि पात्रांची कुजबुज दोन्ही बुडतात. एप्रिल-मे महिन्यांत पंखा पाचवर ठेवावा लागतो आणि त्याची घरघर शांत प्रसंगांत मध्ये येते. डिसेंबर-जानेवारीतील रात्र उत्तम, कारण पंखा बंद ठेवता येतो आणि अंगावर शाल घेऊन अंटार्क्टिका पाहण्यात थोडे औचित्यही आहे. खाण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा की भडंग आणू नये. भडंगाचा वाडगा फिरू लागला की तळावरच्या शांततेचा निकाल लागतो. आणि तांबडा रस्सा तर जेवणाबरोबर आधीच संपवून टाकावा, तो पुढ्यात ठेवून शस्त्रक्रियेचा प्रसंग पाहू नये. मुले झोपल्याखेरीज चित्रपट लावू नये, आणि घरात कुत्रे पाळलेल्या पाहुण्यांना कोंडवाड्याच्या प्रसंगाची आगाऊ कल्पना द्यावी.

पहिल्यांदा सलग पाहावे

पहिल्या बैठकीत रिमोट दूर ठेवावा आणि १०९ मिनिटे कोठेही न थांबता पाहावीत. जुनी ओळख असलेल्या प्रेक्षकाचा हात रक्ताच्या प्रसंगांकडे पळवत नेण्यासाठी शिवशिवतो. लहानपणी आम्हीही कॅसेट पुढे पळवून छाती फाटण्याचा प्रसंगच पुन्हा पुन्हा लावत असू. तसे केल्यास हा चित्रपट पाच-सहा धक्क्यांची माळ वाटतो. सलग पाहिल्यास त्या धक्क्यांमधील लांब, थंड, कंटाळलेला काळ जाणवतो: पत्ते, संगणकावरील बुद्धिबळ, जुन्या कार्यक्रमांच्या चित्रमुद्रित फिती, एकमेकांच्या सवयींना विटलेली माणसे. आतील दृश्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये कृत्रिमरीत्या गारठवलेले सेट वापरले होते आणि बाहेरचा तळ कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्ट्युअर्ट या गावाजवळ उभारला होता, म्हणून तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. या वाफेकडे पुढे यायचे आहे.

१९८२ मध्ये हा चित्रपट चित्रगृहांत चालला नाही. दोनच आठवडे आधी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा प्रेमळ परग्रहवासी पडद्यावर आला होता आणि त्याच्या मागोमाग आलेला हा जीव लोकांना नकोसा झाला. समीक्षकांनीही तो किळसवाणा ठरवला. त्याची कीर्ती पुढे कॅसेट आणि दूरचित्रवाणीमुळेच वाढली. म्हणजे ज्या कॅसेटने त्याचे ४३ टक्के कापले, तिनेच त्याला जगवले, हे मान्य करायला हवे.

दुसऱ्यांदा रिमोट हातात घेऊन

दुसरी बैठक आठवड्याभराने, रविवारी सकाळी घ्यावी. एका कागदावर बारा नावे उभी लिहून काढावीत: मॅकरेडी, चाइल्ड्स, ब्लेअर, कॉपर, गॅरी, क्लार्क, नॉरिस, पामर, विंडोज, बेनिंग्ज, फुक्स आणि नॉल्स. प्रत्येक प्रसंगात कोण खोलीत आहे, कोण एकटा बाहेर गेला आणि कोण किती वेळाने परतला, एवढेच टिपावे.

सुरुवातीलाच थांबण्याची जागा आहे. हेलिकॉप्टरमधून कुत्र्यावर गोळ्या झाडणारा नॉर्वेजियन माणूस तळावर उतरून आपल्या भाषेत ओरडतो आणि अमेरिकन माणसे त्याला वेडा समजून मारतात. तो ओरडून सांगत असतो की हा कुत्रा नाही, त्याच्यापासून दूर व्हा. ज्याला नॉर्वेजियन येते त्याला पहिल्या काही मिनिटांतच सारे रहस्य कळते. बाकी सगळ्यांसाठी ते उघड्यावर पडूनही झाकलेले राहते. त्यानंतर हाच कुत्रा तळावरच्या बोळातून चालत एका खोलीच्या दारापाशी थांबतो, आत भिंतीवर कोणाची तरी सावली दिसते आणि ती वळून पाहते. ती सावली कोणाची हे ओळखण्यासाठी मी एकेक चित्र पुढे सरकवत बराच वेळ घालवला आहे. ओळख पटत नाही, कारण ती मुख्य नटांपैकी कोणाचीच नाही; प्रेक्षकांना ओळखता येऊ नये म्हणून मुद्दाम एका स्टंटमनला तेथे उभे केले होते. त्या कुत्र्याकडेही पाहावे. तो अर्धा लांडगा होता, आणि त्याच्या चालण्यात पाळीव जनावराची लगबग मुळीच नाही.

पुढे डॉक्टर कॉपर नॉर्वेजियनांच्या जळालेल्या तळावर जातात. ते भग्नावशेष वेगळे बांधलेले नव्हते. शेवटी स्फोटात उडवून दिलेल्या अमेरिकन तळाचेच अवशेष तेथे वापरले. म्हणजे चित्रपट संपताना जे जळणार आहे त्याची राख आपण सुरुवातीलाच पाहत असतो. बर्फात रुतलेले यान आणि त्याभोवतालचा विस्तीर्ण खड्डा हे मात्र अल्बर्ट व्हिटलॉक यांनी काचेवर रंगवलेले चित्र आहे. चित्र थांबवून पाहिले तरी रंगाचा फटकारा कोठे संपतो ते सांगता येत नाही.

येथे कोल्हापूरच्या माणसाला थोडे थांबावेसे वाटले तर ते स्वाभाविक आहे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळलेले बाबूराव पेंटर याच गावचे, आणि आपला कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला होता. १९२० च्या त्यांच्या ‘सैरंध्री’त भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने ते दृश्य कापले. संगणक नसताना हाताने घडवलेल्या रक्तपाताने लोकांच्या अंगावर काटा आणणे ही कला आपल्या गावाला परकी नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढचे प्रसंग पाहावेत.

रॉब बॉटीन यांनी या चित्रपटातील बहुतेक प्राणी घडवले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, आणि वर्षभराच्या अखंड कामानंतर थकव्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कोंडवाड्यातील कुत्र्याचे रूप तेवढे स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने केले आहे. ती हाताने चालवायची बाहुली आहे. हे माहीत झाल्यावर भीती कमी होते का, असे मला अनेकांनी विचारले. भीती कमी होत नाही, तिची जात बदलते.

नॉरिसचा प्रसंग सावकाश पाहावा. हृदय बंद पडलेल्या नॉरिसला डॉक्टर कॉपर विजेचे झटके देतात, छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरांचे दोन्ही हात कोपराखाली तुटतात. त्या एका चित्रासाठी दोन्ही हात नसलेल्या माणसाला आणून, त्याला रबरी नसांचे आणि मेणाच्या हाडांचे खोटे हात लावले होते आणि चेहऱ्यावर कॉपरच्या नटाचा मुखवटा चढवला होता. चित्र थांबवले तर मुखवटा ओळखू येतो; वेगात मात्र डोळा हातांकडे खेचला जातो आणि चेहरा पाहण्याची फुरसतच मिळत नाही. त्यानंतर नॉरिसचे डोके मानेपासून ताणत ताणत सुटते, टेबलावरून खाली घसरते, जीभ फेकून फर्निचरच्या पायाला वेटोळे घालते आणि स्वतःला ओढत नेते. मग त्याला कोळ्याचे पाय फुटतात. हे चित्रित करताना रबर वितळवण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांची वाफ खोलीत साठली होती आणि जवळ ज्योत आणताच तिने पेट घेतला. सारे पुन्हा उभे करावे लागले. हा प्रसंग पाहताना कागदावर एक टीप अवश्य करावी: दाराकडे सरपटणारे ते डोके पाहून विश्वास न बसल्याचे उद्गार काढणारा माणूस पामर आहे, आणि थोड्याच वेळाने पामर स्वतःच नकली निघतो. तो तेव्हाच नकली असेल, तर त्याने आपल्याच अंशाकडे इतरांचे लक्ष का जाऊ दिले? यावर मी आणि माझ्या मित्राने एका थंडीत रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोन तास घालवले आहेत आणि निर्णय लागलेला नाही.

रक्ताच्या चाचणीत रक्ताकडे पाहू नये, तारेकडेही पाहू नये. मॅकरेडीच्या बोलण्याकडे कान द्यावा. तापलेली तार बशीतल्या रक्तात बुडवली की तापल्या तव्यावर पाणी पडावे तसा चर्र आवाज होतो, आणि दोन-चारदा तो झाला की आपल्याला त्याची सवय लागते. पामरच्या बशीत तार जाते तेव्हा मॅकरेडीचे लक्ष गॅरीशी चाललेल्या वादात आहे, आपलेही तेथेच आहे, आणि चर्र होण्याऐवजी किंकाळी फुटते. मला हा प्रसंग पाठ असूनही मी दर वेळी दचकतो, कारण दर वेळी मी गॅरीचे उत्तर ऐकू लागतो.

ब्लेअर संगणकावर जो हिशेब करतो तोही वाचून घ्यावा. जुन्या कॅसेटवर ती अक्षरे वाचताच येत नसत. तळावरील एक किंवा अधिक माणसे बाधित असण्याची शक्यता ७५ टक्के, आणि हा जीव माणसांच्या वस्तीपर्यंत पोहोचला तर पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत सारे जग बाधित, असे ते पडद्यावर येते. २७,००० तास म्हणजे तीन वर्षे आणि महिनाभर. त्यानंतर ब्लेअर कुऱ्हाड घेऊन रेडिओ का फोडतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटच्या राक्षसापाशी फार वेळ घालवू नये. त्यासाठी स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली थोडीथोडी हलवत एकेक चित्र टिपण्याच्या, पद्धतीने बरेच चित्रण केले होते, पण ते बाकीच्याशी जुळत नाही असे वाटून कार्पेंटर यांनी त्यातले बहुतेक काढून टाकले. त्यामुळे तो प्रसंग तोकडा वाटतो आणि आहेही. त्यापुढची आग आणि त्या आगीपाशी बसलेले दोघे मात्र नीट पाहावेत. मॅकरेडीच्या तोंडातून भरपूर वाफ निघते आणि चाइल्ड्सच्या तोंडातून निघत नाही, म्हणून चाइल्ड्स नकली, हा आमच्या पेठेतला जुना निकाल. चांगल्या प्रतीत चाइल्ड्सची वाफही पुसट दिसते. फरक श्वासाचा नाही, उजेड कोणाच्या मागे आहे याचा आहे, आणि कॅसेटच्या काळोखात तो पुसट धूर गिळला जात होता. दोघांपैकी कोण काय आहे याचा निकाल डिस्क देत नाही. कॅसेटने दिलेला खोटा पुरावा तेवढा ती काढून घेते.

राहिल्या किल्ल्या. रक्ताचा साठा कुलपात असतो आणि कुलूप न फोडता कोणीतरी तो नासवतो. किल्ल्या गॅरीकडे असतात. डॉक्टरांना त्या मागून घेता येतात. परंतु त्याआधी विंडोज गॅरीकडून किल्ल्या घेऊन कोठारात परततो, बेनिंग्जला त्या जिवाच्या विळख्यात पाहतो आणि त्याच्या हातातून किल्ल्या खाली पडतात. त्या पडण्याचा आवाज चांगल्या ध्वनीत स्वच्छ ऐकू येतो. तेथून पुढे प्रत्येक प्रसंगात जमीन, टेबल आणि गॅरीची कंबर यांवर नजर ठेवावी.

मी ही डिस्क मित्राला दिली तेव्हा त्याला चौकट, मोशन, ब्राइटनेस सगळे समजावले होते, किल्ल्यांचे मात्र मुद्दाम सांगितले नव्हते. लग्नाची कॅसेट गमावलेला तोच हा मित्र. सोमवारी सकाळी सहाला, मी दूध आणायला निघालो असताना, त्याचा फोन आला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

“भावा, त्या किल्ल्या उचलल्या कुणी?”